उत्तरकृतीचा अपराध

एखादी गोष्ट संपली असें केव्हां म्हणावयाचें, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाहीं. सांगणारा थांबला म्हणजे गोष्ट संपली, असें व्यवहारांत आपण समजतों; परंतु ऐकणाऱ्याच्या मनांत ती तेथें थांबत नाहीं. राजपुत्र व राजकन्या सुखानें नांदूं लागलीं, एवढें सांगून आजी दिवा मालविते, आणि त्या सुखाची राखण तेव्हांपासून नातवंडें आपल्याकडे घेतात. पुढें दुसरा कोणी येऊन त्या राजकन्येचें नंतर काय झालें तें सांगूं लागला, आणि त्याच्या सांगण्यांत त्या सुखाचा मागमूसहि उरला नाहीं, तर तीं मुलें त्याच्यावर रागावतात. हा राग केवळ बालिश म्हणून सोडून द्यावा, कीं त्यांत कांहीं न्याय्य अंश आहे? प्रिय झालेल्या कृतीच्या पुढील भागानें आपला विरस केला, तर तो भाग रचणाऱ्यानें आपला किंवा मूळ कृतीचा कांहीं अपराध केला असें म्हणतां येईल काय? आणि पुष्कळ वर्षांनीं ती कृति पुनः पाहतांना त्या अपराधाचा निवाडा बदलावा काय? या प्रश्नांचा विचार येथें करावयाचा आहे.

उदाहरणासाठीं आम्हीं एक अमेरिकन चित्रपट घेतला आहे. १९९२ सालीं प्रसिद्ध झालेला ‘एलियन ३’ हा तो चित्रपट. विज्ञानकल्पित कथांच्या एका अत्यंत लोकप्रिय मालिकेंतील हा तिसरा भाग. आणि पहिल्या दोन भागांवर जीव जडलेल्या प्रेक्षकांस त्यानें जें दुःख दिलें त्याची तक्रार तीस वर्षें उलटून गेल्यावरहि ऐकूं येते.

ज्यांनीं ही मालिका पाहिलेली नाहीं त्यांच्यासाठीं पूर्वकथा थोडक्यांत सांगणें अवश्य आहे. १९७९ सालच्या ‘एलियन’ या पहिल्या चित्रपटाचे दिग्दर्शक रिड्ले स्कॉट. त्यांत ‘नॉस्ट्रोमो’ नांवाचें एक मालवाहू अंतराळयान सात जणांचा ताफा घेऊन पृथ्वीकडे परत येत असतें. वाटेंत एका ओसाड गोलावर उतरावें लागतें आणि तेथून एक भयंकर जीव यानांत शिरतो. त्याच्या उत्पत्तीची रीतच अंगावर कांटा आणणारी आहे. अंड्यांतून निघालेला प्राणी माणसाच्या तोंडाला चिकटतो, त्याच्या देहांत गर्भ ठेवून मरतो, आणि तो गर्भ वाढून माणसाची छाती फोडून बाहेर येतो. ज्या कंपनीचें तें यान, तिला हा जीव शस्त्र म्हणून हवा असतो. खलाशांच्या प्राणांची तिला फिकीर नसते. अखेर रिप्ले ही अधिकारी स्त्री आणि एक मांजर एवढींच वांचतात. रिप्लेची भूमिका या भागांत व पुढील तीन भागांत सिगॉर्नी वीव्हर यांनीं केली आहे.

१९८६ सालीं जेम्स कॅमेरॉन यांनीं ‘एलियन्स’ हा दुसरा भाग काढला. रिप्ले ५७ वर्षें दीर्घनिद्रेंत अवकाशांत तरंगत राहून मग सांपडते. याच चित्रपटाच्या विस्तृत आवृत्तींत सांगितलें आहे कीं, तिची एक मुलगी होती आणि आई झोपलेली असतां ती ६६ वर्षांची होऊन वारली. त्या ओसाड गोलावर आतां वसाहत झालेली असते. ती एकाएकीं निःशब्द होते, आणि शोधासाठीं गेलेल्या सैनिकांबरोबर रिप्लेहि तेथें जाते. सबंध वसाहतींतून न्यूट नांवाची एक लहान मुलगी काय ती बाहेर निघते. सुटकेची घटका आली असतां तीच त्या जिवांच्या तावडींत सांपडते, आणि रिप्ले एकटी तिला आणण्यासाठीं त्यांच्या विवरांत उतरते. ती तिला घेऊन वर येते. पोर तिला आई म्हणून बिलगते. हिक्स हा जखमी सैनिक व बिशप हा मोडलेला यंत्रमानव यांच्यासह त्या दोघी पुनः दीर्घनिद्रेसाठीं पेटिकांत शिरतात. आतां स्वप्नें पडलीं तर चालतील काय, असें ती मुलगी विचारते, आणि रिप्ले तिला होय म्हणते. येथें दुसरा भाग संपतो. मुलगी गमावलेल्या आईला एक मुलगी मिळाली, आईबाप गमावलेल्या पोरीला आई मिळाली, आणि दोघींना निर्धास्त झोप मिळाली, इतकें समाधान घेऊन प्रेक्षक घरीं गेले.

तिसऱ्या भागाच्या आरंभीं, कलावंतांचीं नांवें पडद्यावरून सरकत असतांनाच, यानांत आग लागते. झोपलेल्यांना एका लहान सुटकानौकेंत घालून यान त्यांना बाहेर फेंकतें, आणि ती नौका फिओरिना १६१ या ग्रहावर कोसळते. न्यूट पेटिकेंतच पाण्यानें बुडून मरते, हिक्स मरतो, बिशपचे केवळ अवशेष उरतात. रिप्ले शुद्धीवर येते ती एका ओतशाळेच्या तुरुंगांत. तो तुरुंग सरकारदप्तरीं बंद झालेला. तेथें स्वखुशीनें मागें राहिलेले मूठभर जन्मठेपेचे कैदी, उवांच्या भयानें डोकीं भादरलेले, आणि जगाच्या अंताची वाट पाहणाऱ्या एका कडक ख्रिस्ती पंथाची दीक्षा घेतलेले. तेथेंहि तो जीव नौकेबरोबर आलेला असतो. पुढें रिप्लेला कळतें कीं, त्या जातीच्या राणीचा गर्भ तिच्याच देहांत वाढत आहे. कंपनीचीं माणसें तो घेण्यासाठीं येऊन पोंचतात, आणि तो त्यांच्या हातीं लागूं नये म्हणून ती वितळलेल्या धातूच्या भट्टींत स्वतःला झोंकून देते.

या चित्रपटाविरुद्ध जो आक्रोश झाला त्यांत दोन निरनिराळ्या तक्रारी एकत्र मिसळल्या होत्या. त्या सुट्या केल्यावांचून न्याय होणार नाहीं. पहिली तक्रार, दिलेलें वचन मोडलें ही. दुसरी तक्रार, पूर्वीं केलेलें सत्कर्म व्यर्थ ठरविलें ही. यांतील पहिली व्यापाऱ्याच्या न्यायासनापुढील आहे, दुसरी धर्माच्या.

वचनाची गोष्ट अशी. १९९१ सालीं या चित्रपटाची जी पहिली जाहिरात पडद्यावर दाखविण्यांत आली, तींत तो जीव या खेपेस पृथ्वीवर येणार असें सुचविलें होतें. चित्रपटांत पृथ्वी मुळींच नाहीं. दुकानाच्या पाटीवर एक जिन्नस आणि आंत दुसरा, असा हा प्रकार झाला, व त्याबद्दल गिऱ्हाईक रागावलें तर तो राग रास्तच होय. परंतु हा राग कृतीच्या मूल्याविषयीं कांहींच सांगत नाहीं. जाहिरात लिहिणारा एक, कथा रचणारा दुसरा. पहिल्याच्या शब्दाला दुसरा बांधलेला नाहीं. ही तक्रार काळच मिटवून टाकतो. तीस वर्षांनंतर जाहिरात कोणाच्या लक्षांत राहत नाहीं. कृति तेवढी उरते. पुनः पाहण्याचा पहिला लाभ हाच कीं, आपण काय अपेक्षिलें होतें हें बाजूस पडून समोर काय आहे तें दिसूं लागतें.

येथें कोणी म्हणेल कीं, हा चित्रपट कोणत्या हलाखींत तयार झाला तें कळल्यावर त्यास क्षमा करणें हेंच योग्य. ती हकीगत खरोखरच करुण आहे. कथेचे मसुदे एकामागून एक झाले. प्रसिद्ध विज्ञानकथाकार विल्यम गिब्सन यांचा मसुदा बाजूस पडला. न्यूझीलंडचे दिग्दर्शक व्हिन्सेंट वॉर्ड यांनीं लांकडाच्या एका कृत्रिम ग्रहावर राहणाऱ्या संन्याशांच्या मठाची कल्पना मांडली. तीहि टाकून देण्यांत आली, आणि संन्याशांच्या जागीं कैदी आले. मग हें काम डेव्हिड फिंचर यांजकडे सोंपविलें. गाण्यांचे व जाहिरातींचे लघुपट करून नांव मिळविलेल्या या तरुणाचा हा पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट होता. १९९१ च्या आरंभीं इंग्लंडांत पाइनवुड येथें चित्रण सुरू झालें तेव्हां पटकथा पुरी झालेली नव्हती. आणि शेवटची काटछांटहि दिग्दर्शकाच्या मनाप्रमाणें झाली नाहीं. फिंचर यांनीं पुढें ‘सेव्हन’सारखे चित्रपट काढून कीर्ति मिळविली, पण आपल्या या पहिल्या अपत्याकडे त्यांनीं पाठच फिरविली. २००३ सालीं सुमारें ३० मिनिटें अधिक लांबीची जी दुसरी आवृत्ति निघाली तींतहि त्यांनीं भाग घेतला नाहीं.

ही हकीगत ऐकून निर्मात्याविषयीं अनुकंपा वाटावी, हें ठीकच. परंतु अनुकंपा आणि निवाडा हीं दोन कामें वेगळीं आहेत. स्वयंपाकघरांत ओलें सरपण होतें, भांडीं गळकीं होतीं, यजमान दर घटकेस पक्वान्न बदलावयास सांगत होता, हें सर्व आचाऱ्याच्या बाजूनें सांगण्यासारखें आहे. वरण करपलें कीं नाहीं हें मात्र जिभेनेंच ठरवावें लागतें. क्षमा माणसाला करावयाची असते, कृतीची परीक्षाच करावयाची असते. यास्तव ही हकीगत येथेंच ठेवून आपण दुसऱ्या तक्रारीकडे, म्हणजे खऱ्या प्रश्नाकडे वळूं.

तक्रार अशी कीं, न्यूटला मारून तिसऱ्या भागानें दुसरा भाग निरर्थक केला. जिच्यासाठीं रिप्ले विवरांत उतरली ती शेवटीं मेलीच. मग त्या धाडसाचें काय झालें? ही तक्रार वरवरची नाहीं. तिच्या पोटांत एक सिद्धांत दडलेला आहे, तो असा: सत्कर्माचें मोल त्याच्या फलांत असतें, आणि फल नष्ट झालें म्हणजे कर्माचें मोलहि मागें जाऊन नष्ट होतें. हा सिद्धांत खरा असेल, तर त्याचे परिणाम एका चित्रपटापुरते राहणार नाहींत.

विषमज्वरानें अंथरुणास खिळलेल्या एखाद्या मुलाला आई एकवीस रात्री जागून वांचविते. पुढच्या वर्षीं तोच मुलगा विहिरींत पोहावयास उतरतो व बुडतो. त्या एकवीस रात्रींचें काय झालें? वरील सिद्धांताप्रमाणें त्या फुकट गेल्या असें म्हणावें लागेल. परंतु असें म्हणणारी आई आम्हीं पाहिलेली नाहीं, आणि शेजारच्या कोणीं तसें म्हटलें तर तें तिच्या दुःखापेक्षांहि तिला अधिक झोंबेल. तिला विचारलें तर ती त्या मधल्या वर्षाविषयीं बोलेल: तो कोणत्या इयत्तेंत गेला, त्यानें कोणता हट्ट धरिला, गणपतीच्या दिवसांत आरती म्हणतांना त्याचा आवाज कसा सर्वांच्या वर चढे. तें वर्ष त्या रात्रींनीं विकत घेतलेलें होतें, आणि झालेलें वर्ष परत घेण्याचें सामर्थ्य मृत्यूच्याहि अंगीं नाहीं. तो पुढचीं वर्षें नेतो. मागचीं नेऊं शकत नाहीं. मर्त्याला वांचविणें म्हणजे नेहमींच कांहीं मुदतीपुरतें वांचविणें होय. वैद्याचा सर्वांत यशस्वी रोगीहि एक दिवस मरणारच असतो. तेवढ्यावरून वैद्यकी व्यर्थ ठरत नाहीं.

यावरून निष्फळ आणि व्यर्थ या दोन शब्दांतील भेद ध्यानांत यावा. ज्याचें फल टिकलें नाहीं तें निष्फळ झालें असें फार तर म्हणावें. व्यर्थ तें, जें करावयास नको होतें. याची कसोटी अगदीं साधी आहे. न्यूटचे थोडेच दिवस उरले आहेत असें त्या विवराच्या तोंडाशीं रिप्लेला कोणीं सांगितलें असतें, तर ती मागें फिरली असती काय? दुसरा भाग पाहिलेला एकहि प्रेक्षक होय म्हणणार नाहीं. मग ज्या गोष्टीचें ज्ञान तिच्या निश्चयास हलवूं शकलें नसतें, ती गोष्ट घडल्यानें त्या निश्चयाचें मोल कमी कसें होईल? अनेक दिवस एकटी नळ्यांतून लपूनछपून राहिलेली ती पोर एकदां निर्धास्तपणें झोपली. ती झोप तिसऱ्या भागानें हिरावून घेतलेली नाहीं.

किंबहुना, तिसरा भाग पुनः पाहतांना असें दिसून येतें कीं, हाच प्रश्न तो स्वतःला विचारीत आहे. त्यांत शोक टाळलेला नाहीं. रिप्लेला मुलीचें प्रेत पाहावयाचें असतें. तिच्या देहांत त्या जिवाचा गर्भ नाहीं ना, या भीतीनें तें फाडून पाहण्याचा आग्रहहि तिलाच धरावा लागतो, आणि कारण उघड करतां येत नाहीं म्हणून ती पटकीचें निमित्त सांगते. ज्या हातांनीं मुलीला विवरांतून वर काढलें त्याच हातांनीं तिला तिचा निरोप घ्यावा लागतो. मग दहन. भट्टीच्या कडेला उभे असलेले ते भादरलेल्या डोक्यांचे खुनी व दरोडेखोर, आणि त्यांच्या पुढें डिलन हा त्यांचा पुढारी. ही भूमिका चार्ल्स एस्. डटन यांनीं केली आहे. आपण कसलीं पापें केलीं हें तो लपवून ठेवीत नाहीं. हाच मनुष्य एका अनोळखी मुलीसाठीं प्रार्थना म्हणतो, प्रत्येक अंतांत एका आरंभाचें बीज असल्याचा भरंवसा देतो. आणि त्याच क्षणीं त्याच तुरुंगांत दुसरीकडे तो हिंस्र जीव जन्म घेत असतो. रिप्लेच्या नाकांतून रक्ताचा एक थेंब ओघळतो. त्याचा अर्थ प्रथम पाहतांना कळत नाहीं. शेवट ठाऊक असलेल्या दुसऱ्या वेळच्या प्रेक्षकालाच तो कळतो. आशीर्वाद आणि शाप एकाच श्वासांत ऐकविणारा असा प्रसंग त्या मालिकेंत दुसरा नाहीं.

याहून महत्त्वाची गोष्ट शेवटाची. दुसऱ्या भागांत रिप्ले जें करते तें थोर आहे, पण समजावयास सोपें आहे. तेथें आई आहे आणि मूल आहे. तिसऱ्या भागांत तिच्याजवळ मूल नाहीं, मित्र नाहीं, शस्त्र नाहीं, आणि आयुष्यहि घटकाभराचें उरलें आहे. भोंवतालच्या कैद्यांपैकीं कांहींनीं तर तिच्यावर बलात्काराचा प्रयत्न केलेला असतो. तिला सोडविण्यास डिलनलाच मध्यें पडावें लागलें होतें. कंपनीचा मनुष्य बिशपचाच चेहरा घेऊन येतो आणि तिला सांगतो कीं, तो गर्भ काढून टाकतां येईल, तूं जगशील, तुला मुलेंबाळेंहि होतील. ती मोहाची घटका आहे. जिला दोनदां मुलगी गमवावी लागली तिला हेंच आमिष दाखविलें जातें. ती नाहीं म्हणते. जिच्या हितासाठीं ती मरते ती माणसें दूर आहेत, तिला ठाऊक नाहींत, आणि तिचें नांव त्यांना कधीं कळणारहि नाहीं. आईच्या प्रेमांतून जें कर्म घडलें होतें, तेंच आतां कोणाचेंहि मुख समोर नसतां घडतें. मूल गेलें म्हणून धर्म गेला असें तिनें म्हटलें नाहीं. आणि न्यूटला वांचविणें व्यर्थ नव्हतें याचा याहून मोठा पुरावा चित्रपटकर्त्यांना देतां आला नसता.

आपल्या वाङ्मयाला हा विचार परका नाहीं. महाभारत युधिष्ठिराच्या राज्याभिषेकाशीं संपत नाहीं. मौसलपर्वांत यादव एकमेकांस मारून नष्ट होतात, कृष्ण एका पारध्याच्या बाणानें जातो, आणि पांडव राज्य सोडून हिमालयाची वाट धरितात. नवव्या शतकांतील काश्मीरचे साहित्यमीमांसक आनंदवर्धन यांनीं महाभारताचा प्रधान रस शांत आहे असें प्रतिपादन करतांना याच शेवटाकडे बोट दाखविलें, आणि त्या शेवटाविषयीं त्यांनीं योजिलेला शब्द ‘विरस’ हाच आहे. म्हणजे विरस हा नेहमींच कवीचा पराभव नसतो. कधीं कधीं तोच त्याचा हेतु असतो. विजयानंतरचें वैराग्य दाखविण्यासाठीं विजय हातांतून निसटतांना दाखवावा लागतो.

असें असेल तर ‘एलियन ३’ निर्दोष ठरला काय? आमचें मत तसें नाहीं. महाभारताचा दाखला त्या चित्रपटाच्या बाजूनें जितका बोलतो तितकाच त्याच्या विरुद्धहि बोलतो. मौसलपर्वांतील संहार अकस्मात् कोसळत नाहीं. रणभूमीवर पुत्रांचीं प्रेतें पाहून गांधारीनें दिलेला शाप ३६ वर्षें वाट पाहत असतो. यादवांचा उन्मत्तपणा आपल्या डोळ्यांदेखत वाढत जातो. तो शेवट कथेच्या पोटांतून येतो. न्यूटचा मृत्यु कथेच्या पोटांतून आलेला नाहीं. यानावर एक अंडें असतें, म्हणून आग लागते. पण तें अंडें तेथें आलें कोठून, याचा उलगडा चित्रपट करीत नाहीं. दुसऱ्या भागांतील कोणत्याहि पात्राच्या स्वभावाचा, चुकीचा किंवा निश्चयाचा तो परिणाम नव्हे. रिप्लेला एकटी करून नवी कथा सुरू करावयाची होती, यास्तव मुलगी व सैनिक यांना वाटेंतून दूर करणें सोयीचें होतें. म्हणून तीं गेलीं. श्रेयनामावलीच्या आड, चार तुटक दृश्यांत गेलीं. एखाद्या पात्रास मरण देण्याचा अधिकार कवीला आहेच. परंतु तो अधिकार गरजेपोटीं वापरणें निराळें आणि सोयीसाठीं वापरणें निराळें. पहिल्यांत पात्राचा मान राहतो, दुसऱ्यांत राहत नाहीं. पुढें दहनाच्या प्रसंगीं दाखविलेला शोक खरा आहे, हें मान्य. पण ज्याला खरा शोक करावयाचा होता त्यानें मृत्यूलाहि तितकीच जागा द्यावयास हवी होती.

तेव्हां निवाडा असा होतो: सत्कर्म व्यर्थ ठरविल्याचा आरोप टिकत नाहीं, मृत्यु स्वस्त केल्याचा आरोप टिकतो. प्रथमदर्शनीं प्रेक्षकांना आलेला राग खोटा नव्हता. त्याला नांव तेवढें चुकीचें मिळालें होतें. पुष्कळ वर्षांनीं कृति पुनः पाहण्याचा उपयोग मत बदलण्यापुरताच नसतो. आपलें दुःख नक्की कशाचें होतें हें नीट ओळखतां येणें, हाहि त्याचाच लाभ आहे.

आतां उरला उपायाचा प्रश्न. विरस करणारा भाग झालाच नाहीं असें समजून चालावें, ही इच्छा अनेकांना होते. दुसऱ्या भागानंतरची निराळीच कथा सांगून हिक्सला परत आणण्याची एक योजना २०१५ सालीं दिग्दर्शक नील ब्लोमकॅम्प यांनीं मांडली होती. ती सिद्धीस गेली नाहीं. त्याहून अगोदर, १९९७ सालच्या चौथ्या भागानें रिप्लेलाच परत आणलें. तिच्या रक्तापासून प्रयोगशाळेंत तिची प्रतिकृति तयार केली, आणि जो गर्भ नष्ट करण्यासाठीं तिनें भट्टी पत्करली तोहि तिच्याबरोबर परत आला. येथें पाहण्यासारखें हें कीं, मारलेल्याला मारण्यापेक्षां मेलेल्याला असें उठविल्यानें मूळ कर्माची अधिक हानि होते. न्यूटच्या मृत्यूनें रिप्लेचें धाडस व्यर्थ झालें नाहीं. परंतु तिनें ज्याकरितां प्राण दिला तेंच पुढें लष्कराच्या हातीं आयतें आलें, म्हणजे तिच्या आत्मबलिदानाची थट्टा झाल्यासारखें वाटतें. तरीहि, आम्हीं वर लाविलेली कसोटी येथेंहि लागू आहे: त्या घटकेस तिनें दिलेला नकार मागाहून आलेल्या कोणत्याहि चित्रपटाला परत घेतां येत नाहीं.

याहून चांगला उपाय आपल्याकडे आठव्या शतकांत एका कवीनें करून दाखविला आहे. रामायणाचें युद्धकांड राज्याभिषेकानें व फलश्रुतीनें पूर्ण होतें. त्यानंतर उत्तरकांड येतें आणि जिच्यासाठीं समुद्र ओलांडला त्या सीतेचा त्याग होतो, व शेवटीं ती धरणीच्या पोटांत जाते. हें उत्तरकांड मागाहून जोडलेलें आहे असें अनेक पंडित मानतात. भवभूतीला तो त्याग नक्कीच सलला असला पाहिजे. पण त्यानें उत्तरकांड खोटें म्हणून फेंकून दिलें नाहीं. त्यागाचा प्रसंग त्यानें आपल्या नाटकाच्या पहिल्याच अंकांत घेतला, त्याचें दुःख रामाला सहा अंक भोगावयास लाविलें, आणि मग सातव्या अंकांत नाटकांतल्या नाटकाच्या योगानें त्या दोघांची भेट घडविली. ज्याला पूर्वीच्या कवीचा शेवट सोसवत नाहीं त्यानें तो पुसूं नये; त्याच्यांतून चालत जाऊन आपला शेवट गांठावा. अर्थात् ही योग्यता सर्वांच्या ठायीं नसते. ज्यांच्या ठायीं ती नाहीं त्या आपल्यासारख्या वाचकांनीं व प्रेक्षकांनीं मूळ कृति जशी आहे तशी सांभाळावी, आणि उत्तरकृतीला तिचा न्याय द्यावा, एवढें पुरे.

‘एलियन ३’ च्या अगदीं शेवटीं भट्टी थंड होते, तुरुंगाला कुलूप लागतें, आणि ओसाड पडलेल्या नौकेंत एक जुना आवाज ऐकूं येतो. पहिल्या चित्रपटाच्या अखेरीस रिप्लेनें आपण एकटी उरलों असें नोंदवून ठेवलें होतें, तीच ती नोंद. बोलणारी आतां नाहीं, ऐकणारेंहि तेथें कोणी नाहीं. ज्यांनीं तिला त्या नोंदीपासून या भट्टीपर्यंत सोबत केली त्यांना मात्र त्या आवाजांत १९७९ सालचें भय ऐकूं येतें, विवरांतून वर येणारी आई ऐकूं येते, आणि शेवटचा नकारहि ऐकूं येतो. एका सदोष चित्रपटाला इतकें साधलें असेल, तर त्याला आपल्या संग्रहांतून हद्दपार करण्याचें कारण आम्हांस दिसत नाहीं.